निःपक्षपाती कोण असतो?

१९७५ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एक अर्ज दाखल झाला. सुलिव्हन अँड क्रॉमवेल या वॉल स्ट्रीटवरच्या नामांकित वकिली पेढीवर स्त्री वकिलांना डावलल्याचा दावा चालू होता. खटला न्यायमूर्ती कॉन्स्टन्स बेकर मॉट्ली यांच्यासमोर आला होता, आणि त्यांनी तो चालवू नये, अशी पेढीची मागणी होती. मॉट्ली स्वतः स्त्री होत्या, कृष्णवर्णीय होत्या आणि न्यायाधीश होण्याआधी जवळजवळ वीस वर्षं त्यांनी भेदभावाविरुद्धचे खटले लढवले होते. अशा व्यक्तीचं मन या प्रकरणात मोकळं कसं असेल, असा पेढीचा सवाल होता. मॉट्ली यांनी अर्ज फेटाळला. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा: प्रत्येक न्यायाधीश स्त्री किंवा पुरुष असतोच, कुठल्या तरी वंशाचा असतोच, आणि त्याने आधी कुणाची तरी वकिली केलेलीच असते. तेवढ्यावरून बाजूला व्हायचं ठरलं, तर या न्यायालयातल्या एकाही न्यायाधीशाला हा खटला चालवता येणार नाही.

उत्तर थोडक्यात होतं. पण त्यामागचा प्रश्न कायद्याइतकाच धर्मशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे. माणूस निःपक्षपाती असू शकतो का? असू शकत असेल, तर तो स्वतःचं आयुष्य बाजूला ठेवून तसा होतो, की त्या आयुष्यासकट? मॉट्ली यांचा गौरव बहुधा ‘पहिल्या’ या विशेषणाने होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमधल्या पहिल्या, आणि १९६६ मध्ये फेडरल न्यायाधीश झालेल्याही पहिल्याच. पहिलेपण मोठंच असतं. पण दुसरी आणि तिसरी आल्यावर त्याचं काम संपतं. त्यांच्या वारशातला न संपणारा भाग या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरात आहे. निःपक्षपात हा जन्माने मिळणारा गुण नाही आणि भूतकाळ पुसून गाठायची अवस्थाही नाही. तो आचार आहे. दिलेल्या कारणांत तो दिसावा लागतो, इतरांना तो तपासता यावा लागतो, आणि आपल्यावर अन्याय झाल्याची आठवण त्याच्या आड येतेच असं नाही.

पेढीचा संशय निव्वळ दुष्टपणाचा होता, असं म्हणून तो झटकून टाकता येत नाही. मॉट्ली खरोखरच एका बाजूच्या सैनिक होत्या. १९२१ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवन इथे जन्म. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. बारा भावंडांत त्या नवव्या. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थी-मंडळांकडे आचारी होते. घरात कॉलेजच्या शिक्षणाला पैसा नव्हता. एका सभेत त्यांचं भाषण ऐकून क्लॅरन्स ब्लेकस्ली या गोऱ्या धनिकाने खर्च उचलला, म्हणून १९४६ मध्ये त्या कोलंबियातून कायद्याच्या पदवीधर झाल्या. शिकत असतानाच थर्गूड मार्शल यांच्या हाताखाली नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या लीगल डिफेन्स फंडात त्या रुजू झाल्या होत्या. शाळांमधला वंशभेद ज्या खटल्याने घटनाबाह्य ठरला, त्या ‘ब्राउन’ प्रकरणातल्या मूळ दाव्याचा मसुदा त्यांच्या हातचा. मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ यांना प्रवेश मिळवून देणारी लढाई त्यांची. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल हजाराहून अधिक शाळकरी मुलांना शाळेबाहेर काढलं गेलं, तेव्हा अपिलात धाव घेऊन त्यांना परत वर्गात बसवणाऱ्या वकिलांत त्या होत्या. सर्वोच्च न्यायालयात दहा खटल्यांत त्यांनी युक्तिवाद केला आणि नऊ जिंकले. अशी व्यक्ती न्यायासनावर बसली, की प्रतिवादीच्या पोटात गोळा येणं स्वाभाविक होतं.

तरी या संशयाच्या पोटात एक गृहीतक दडलेलं होतं. गोऱ्या पुरुष न्यायाधीशाचं गोरेपण आणि पुरुषपण ही त्याची भूमिका मानली जात नव्हती. ती जणू कोरी पाटी होती. मॉट्ली यांचं मात्र सगळं आयुष्यच पुरावा म्हणून त्यांच्याविरुद्ध उभं करता येत होतं. या कोऱ्या पाटीचा खरा रंग कसा असतो, हे मॉट्ली यांनी दक्षिणेतल्या न्यायालयांत जवळून पाहिलं होतं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरी फेडरल न्यायालयाच्या दालनात १९३८ साली रंगवलेलं एक भलंमोठं भित्तिचित्र होतं: त्यात नीटनेटक्या पोशाखातले, प्रतिष्ठित गोरे नागरिक, आणि कापूस वेचणारे कृष्णवर्णीय मजूर. त्या चित्रासमोर कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांचे खटले चालत. तिथल्या रिवाजाप्रमाणे कृष्णवर्णीय स्त्रीला आडनावाने आणि आदराने हाक मारायची नसे. मॉट्ली वकील म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा समोरच्या वकिलांना त्यांच्या नावाआधी ‘मिसेस’ लावणंही जड जाई. भिंतीवर चित्राच्या रूपाने आणि तोंडी संबोधनाच्या रूपाने एक बाजू त्या दालनात आधीपासूनच हजर होती. तिला पक्षपात म्हणण्याची पद्धत नव्हती, इतकंच. पुढे ती इमारत जेम्स ईस्टलंड यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हे मिसिसिपीचे सिनेटर. मॉट्ली यांची न्यायाधीशपदाची नेमणूक रोखण्यासाठी त्यांच्यावर कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा आरोप करणारे हेच.

मेरेडिथ यांचा खटला तर या विषयावरचा धडाच आहे. जिल्हा न्यायाधीश सिडनी माइझ यांनी १९६२ च्या सुरुवातीला निष्कर्ष काढला, की मेरेडिथ यांना वंशामुळे प्रवेश नाकारला गेल्याचं सिद्ध होत नाही. मिसिसिपी विद्यापीठात तोवर एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला जाणूनबुजून प्रवेश मिळालेला नव्हता, हे राज्यातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. न्यायासनावर बसलेल्या, त्याच राज्यातल्या माणसाला मात्र ते दिसेना. अपील न्यायालयाने हा निर्णय उलटवला आणि मिसिसिपीत वंशभेद हे सरकारी धोरण आहे, ही उघड गोष्ट पुराव्याविना गृहीत धरायला हवी, अशी भूमिका घेतली. तो निकाल लिहिणारे जॉन मायनर विझ्डम हेही दक्षिणेतलेच, न्यू ऑर्लिन्सचे गोरे गृहस्थ. या दोन नावांत दोन्ही टोकांना उत्तर आहे. आपली पार्श्वभूमी डोळ्यांवर झापड बांधू शकते, हे माइझ दाखवतात. बांधतेच असं नाही, हे विझ्डम दाखवतात. दोघांचा वंश एक, प्रदेश एक, कायद्याची पुस्तकं एक. फरक होता तो पाहण्याच्या कष्टात.

निःपक्षपाताची मूळ कल्पना धर्मातून आलेली आहे, म्हणून थोडं तिकडे वळायला हवं. अमेरिकेतला फेडरल न्यायाधीश जी शपथ घेतो, तिचा गाभा १७८९ च्या कायद्यातला आहे: व्यक्ती पाहून न्याय करणार नाही, गरिबाला आणि श्रीमंताला सारखाच हक्क देईन. ही भाषा बायबलच्या वळणाची आहे. देव माणसाचं तोंड पाहून कौल देत नाही, हा विचार तिथे पुन्हा पुन्हा येतो. देवाला तोंड पाहावं लागत नाही, कारण तो कुठेच उभा नाही. त्याला सगळ्या बाजू एकदम दिसतात. आधुनिक न्यायव्यवस्थेने हा ईश्वरी गुण नकळत न्यायाधीशाच्या अंगावर चढवला आणि त्याच्याकडून कुठेच उभं नसलेल्या नजरेची अपेक्षा धरली. थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने अशाच नजरेच्या नावाने १९८६ मध्ये ग्रंथ लिहिला आणि माणसाला ती ओढ सोडता येत नाही, पण ती पूर्णपणे साधताही येत नाही, हे दाखवलं.

बायबलने मात्र माणसांना देवासारखं होण्याची आज्ञा दिलेली नाही. निर्गम ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात न्यायाबद्दलच्या तीन आज्ञा जवळजवळ येतात. खटल्यात गरीब आहे म्हणून त्याची बाजू घेऊ नकोस. गरिबाला न्याय नाकारू नकोस. आणि परक्याला छळू नकोस, कारण तुम्ही स्वतः मिसर देशात परके होतात आणि परक्याच्या जिवाला काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिली आज्ञा दया दाखवून तराजू झुकवायला मनाई करते. तिसरी आज्ञा गुलामगिरीची आठवण जागी ठेवायला सांगते आणि ती आठवण हेच न्यायाने वागण्याचं कारण म्हणून पुढे करते. दोन्ही आज्ञा एकाच समाजाला, एकाच अध्यायात. आठवण आणि समतोल हे एकमेकांचे शत्रू असते, तर हा अध्याय स्वतःलाच खोडून काढणारा ठरला असता. तो तसा नाही, कारण आठवणीचं काम आणि समतोलाचं काम वेगळं आहे. समोरच्या माणसाचं दुखणं खरं असू शकतं, हे आठवण सुचवते. ते या खटल्यात सिद्ध झालं का, हे समतोल ठरवतो.

ॲडम स्मिथ अर्थशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध असले, तरी १७५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नैतिक भावनांवरच्या त्यांच्या पुस्तकात निःपक्ष प्रेक्षकाची कल्पना आहे. हा प्रेक्षक थंड, भावनाशून्य नाही. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहायचं आणि मग स्वतःच्याच भावनेकडे जरा दूर उभं राहून बघायचं, अशी ती दुहेरी कसरत आहे. ज्याला दुसऱ्याची जागा कल्पनेतही माहीत नाही, त्याला पहिली पायरीच चढता येत नाही. दूर उभं राहण्याची दुसरी पायरी त्याला आपसूक जमल्यासारखी वाटते, पण तो मुळातच दूर असतो, त्यात कर्तृत्व काही नाही.

इथे पहिला आणि सगळ्यांत धारदार आक्षेप येतो. मॉट्ली यांच्या आयुष्याचा त्यांच्या निकालांवर परिणाम होत असेल, तर तो पक्षपातच. होत नसेल, तर न्यायासनावर कृष्णवर्णीय स्त्री असली काय आणि नसली काय, काय फरक पडतो? मग पहिलेपणाचा एवढा सोहळा कशाला? सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओ’कॉनर यांच्या तोंडी एक मत नेहमी घातलं जातं, की शहाणा म्हातारा आणि शहाणी म्हातारी एकाच निष्कर्षाला पोहोचतात. सोनिया सोटोमायोर यांनी २००१ च्या एका भाषणात त्यावर शंका घेतली. २००९ मध्ये त्यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक होत असताना सिनेटमध्ये त्याच वाक्यांवरून त्यांना खिंडीत पकडण्यात आलं आणि आपली शब्दरचना चुकल्याचं त्यांना मान्य करावं लागलं. पेच खरा आहे. तो सुटतो, तो निकालाचे दोन भाग वेगळे केले की: प्रश्न कुठला विचारायचा, आणि उत्तर कुठल्या कसोटीवर द्यायचं.

एक उदाहरण घेऊ. १९७७ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजच्या सामन्यांच्या वेळी ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’च्या पत्रकार मेलिसा लुड्टके यांना न्यूयॉर्क यांकीजच्या खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये येऊ दिलं गेलं नाही. पुरुष पत्रकार सामना संपताच आत जाऊन खेळाडूंशी बोलत. स्त्री पत्रकार बाहेर ताटकळे आणि बातमी शिळी होई. बेसबॉल आयुक्त बोवी कून यांचा बचाव सभ्यतेचा होता: खेळाडूंची खाजगी बाब, कौटुंबिक खेळ म्हणून बेसबॉलची प्रतिमा, परंपरेने चालत आलेली मर्यादा. सप्टेंबर १९७८ मध्ये मॉट्ली यांनी निकाल दिला. स्टेडियम शहराच्या मालकीचं, यांकीजना भाड्याने दिलेलं. म्हणून बंदीला सरकारी कृतीचं रूप येतं आणि राज्यघटना लागू होते. खेळाडूंचा खाजगीपणा हे रास्त कारण त्यांनी मान्य केलं. मग विचारलं, की तो जपायला स्त्रीला अख्ख्या खोलीबाहेर ठेवणं हा एकच मार्ग आहे का? पडदा आहे, टॉवेल आहे, आतल्या भागाला दार लावता येतं. कमी घाव घालणारा उपाय हाताशी असताना मोठा घाव घालता येत नाही, ही कसोटी कुठल्याही न्यायाधीशाची. मात्र बाहेर थांबवल्याने त्या बाईच्या व्यवसायाचं किती नुकसान होतं, हा प्रश्न क्षुल्लक न वाटणं, यामागे दाराबाहेर थांबण्याचा अनुभव असणं अगदी शक्य आहे. परिणाम प्रश्नावर झाला. उत्तर कसोटीने दिलं.

मार्टिन सोस्त्रे यांच्या खटल्यात हेच अधिक गंभीरपणे दिसतं. न्यूयॉर्क राज्यातल्या या राजकीय वृत्तीच्या कैद्याला १९६८ ते १९६९ या काळात एकूण ३७२ दिवस एकांत कोठडीत ठेवलं होतं. इतरांना कायदेशीर कागद लिहून देणं आणि त्यांची मतं, हीच शिक्षेची खरी कारणं असल्याचा मॉट्ली यांनी १९७० मध्ये निष्कर्ष काढला. दर दिवसाला २५ डॉलर भरपाई आणि १० डॉलर दंड या हिशेबाने त्यांनी १३,०२० डॉलर मंजूर केले, आणि गंभीर गुन्हा नसेल तर १५ दिवसांहून जास्त एकांतवास देता येणार नाही, असा आदेश दिला. मार्टिन ल्युथर किंग यांना तुरुंगात भेटायला गेलेल्या या वकिलाला तुरुंगाचा वास आणि गजांमागच्या माणसाची अवस्था ऐकीव नव्हती. हा पक्षपात होता का? अपील न्यायालयाने १९७१ मध्ये काही भाग उलटवला: दीर्घ एकांतवास आपोआप क्रूर शिक्षा ठरत नाही, आणि दंडाची रक्कमही रद्द. पण सोस्त्रे यांना मतांसाठी शिक्षा झाली, हा वस्तुस्थितीचा निष्कर्ष टिकला आणि भरपाईही टिकली. म्हणजे मॉट्ली यांच्या डोळ्यांना जे दिसलं ते खरं होतं; त्यापासून कायदा किती पुढे न्यायचा, यावर वरच्या न्यायालयाने मर्यादा घातली. व्यवस्था अशीच चालायला हवी. गंमत अशी, की २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांना वागवण्याचे जे नियम नेल्सन मंडेला यांच्या नावाने स्वीकारले, त्यांतही सलग एकांतवासाची कमाल मर्यादा १५ दिवसांचीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक काटेकोर आहे. जन्माबद्दल कुणी बोलत नाही. मॉट्ली यांनी एक बाजू निवडून ती वीस वर्षं लढवली, आणि निवडलेली बाजू हा पूर्वग्रहच, असं हा आक्षेपक म्हणेल. यावर दोन उत्तरं. एक, न्यायासनावर येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कुणाचा तरी वकील असतो. सरकारी वकील म्हणून आयुष्यभर आरोपींना तुरुंगात धाडणारा माणूस न्यायाधीश होतो आणि फौजदारी खटले चालवतो. मोठ्या कंपन्यांची वकिली केलेला माणूस कामगारांचे दावे ऐकतो. तिथे पूर्वग्रहाचा अर्ज येत नाही, आला तरी टिकत नाही, आणि ते योग्यच आहे. कायद्याची रेषा ठरलेली आहे: याच खटल्यात पैशाचा संबंध, पक्षकाराशी नातं, याच प्रकरणात आधी केलेली वकिली. विषयात रस असणं म्हणजे निकालात हितसंबंध असणं नव्हे. दोन, मॉट्ली यांनी लढवलेली बाजू म्हणजे खुद्द राज्यघटनेची समतेची तरतूद. राज्यघटनेवर मनापासून श्रद्धा असल्याबद्दल न्यायाधीश अपात्र ठरणार असेल, तर शपथच निरर्थक होईल.

फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांच्यासमोर १९७४ मध्ये असाच अर्ज आला होता. कृष्णवर्णीय इतिहासाच्या अभ्यासकांसमोर त्यांनी भाषण केलं, हे निमित्त. त्यांनीही बाजूला व्हायला नकार दिला आणि कृष्णवर्णीयांनी पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या न्यायाधीशांसमोर खटले चालवले आहेत, याची आठवण करून दिली. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर तोच संशय पुन्हा पुन्हा डोकं वर काढताना दिसतो. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहबंदी रद्द करणारे न्यायाधीश वॉन वॉकर स्वतः समलिंगी आहेत, म्हणून त्यांचा निकाल रद्द करा, अशी मागणी झाली. २०११ मध्ये ती फेटाळली गेली. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांनी न्यायाधीश गोंझालो क्युरिएल यांच्यावर मेक्सिकन वारशामुळे पक्षपाताचा आरोप केला. क्युरिएल यांचा जन्म इंडियानातला. चारही प्रसंगांत संशय ज्यांच्यावर घेतला, ते अल्पसंख्य. बहुसंख्य माणसाचं बहुसंख्यपण मात्र कुणी कारण म्हणून पुढे केलं नाही.

अमेरिकेला बोट दाखवून आपल्याला मोकळं होता येत नाही. ‘रामशास्त्री बाणा’ हा मराठी माणसाचा न्यायाचा मापदंड. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांना रामशास्त्री प्रभुणे यांनी तोंडावर दोषी ठरवलं, म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. पण रामशास्त्री कुठेच उभे नव्हते, असं कुणी म्हणणार नाही. ते पेशव्यांचे चाकर होते, ब्राह्मणी राज्यातले ब्राह्मण होते. त्यांचा मोठेपणा आपण कृतीवरून ठरवतो, आणि बरोबर करतो. तीच मोजपट्टी दलित न्यायाधीशाने ॲट्रॉसिटीचा खटला चालवला किंवा स्त्री न्यायाधीशाने विनयभंगाचा, तर लावायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो, आणि तो मॉट्ली यांच्या चाहत्यांकडूनच येण्याची शक्यता जास्त. प्रत्येक नजर कुठून तरी पाहते, असं एकदा मान्य केलं, की निःपक्षपात हा ढोंगाचा दुसरा प्रकार ठरतो. मग ज्याची सत्ता त्याचा न्याय, आणि आपली माणसं न्यायासनावर बसवणं हाच एक उपाय. हा निष्कर्ष मॉट्ली यांनी कधी काढला नाही, आणि त्यांचं काम त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. न्यायाधीश म्हणून त्यांनी भेदभावाचा दावा करणाऱ्या अनेकांविरुद्धही निकाल दिले. नागरी हक्कांच्या चळवळीतली नायिका आपल्या बाजूने कौल देईल, अशी आशा धरून आलेले काही जण रिकाम्या हाताने परतले. १९९१ मध्ये त्यांनी किंकोज या फोटोकॉपीच्या साखळी दुकानांविरुद्ध प्रकाशकांच्या बाजूने निकाल दिला: विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून नफ्यावर विकणं हा कॉपीराइटचा भंग. गरीब विद्यार्थ्यांविषयीचा कळवळा तिथे तराजूत टाकणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. आणि पेढीविरुद्धचा तो १९७५ चा खटला? न्यायाधीशाच्या हातोड्याने पेढी चिरडली गेली नाही. १९७७ मध्ये तो तडजोडीने मिटला आणि स्त्री वकिलांच्या भरतीसाठी पेढीने नियम मान्य केले.

खरं तर नजरेला जागा असते, हे कबूल केल्यानेच निःपक्षपाताला अर्थ येतो. आपण कुठेच उभे नाही, असं समजणारा न्यायाधीश स्वतःला तपासत नाही, कारण तपासायला त्याच्याकडे काही उरतच नाही. आपली जागा माहीत असलेला न्यायाधीश कारणं लिहितो, ती दुसऱ्या जागेवरून कशी दिसतील याचा विचार करतो, वरच्या न्यायालयाच्या नजरेखाली ती ठेवतो. याच कारणासाठी न्यायालयात वेगवेगळ्या जागांवरून आलेली माणसं हवीत. प्रत्येकाने आपापल्या जातभाईला सांभाळावं म्हणून नव्हे. एकाच जागेवरून पाहणाऱ्या नऊ जणांना एकमेकांची चूक दिसत नाही, म्हणून.

याचा सगळ्यांत कडू पुरावा मॉट्ली यांनी हरलेल्या एकमेव सर्वोच्च न्यायालयीन खटल्यात आहे. अलाबामातल्या टॅलाडेगा काउंटीत स्वेन नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाला मृत्युदंड झाला होता. ज्युरीसाठी बोलावलेल्यांपैकी उरलेल्या सहा कृष्णवर्णीयांना सरकारी वकिलाने कारण न देता वगळलं होतं, आणि १९५० च्या सुमारापासून त्या काउंटीत एकही कृष्णवर्णीय माणूस प्रत्यक्ष ज्युरीवर बसला नव्हता. मतदानाच्या वयाच्या पुरुषांत मात्र त्यांचं प्रमाण सव्वीस टक्के होतं. १९६५ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी यात घटनाभंग झाल्याचं सिद्ध होत नाही, असं म्हटलं. संपूर्ण गोरी ज्युरी आपोआप निःपक्ष समजली गेली आणि कृष्णवर्णीय माणूस आपोआप संशयित. ही भूमिका न्यायालयाने १९८६ मध्ये ‘बॅटसन’ खटल्यात सोडून दिली. एकवीस वर्षांपूर्वी मॉट्ली जे सांगत होत्या, त्याच्या जवळ न्यायालय शेवटी आलं.

मॉट्ली १९८२ ते १९८६ या काळात आपल्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या आणि २००५ मध्ये मृत्यू होईपर्यंत न्यायाधीशपदावर राहिल्या. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयासाठी नाव जाहीर झाल्यावर केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी आवर्जून सांगितलं, की मॉट्ली यांचा आणि आपला वाढदिवस एकच, १४ सप्टेंबर. जॅक्सन त्या न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. पण मॉट्ली यांचा वारसा फक्त त्यांच्यासारख्या दिसणाऱ्यांनाच लाभतो असं नाही. तो प्रत्येक न्यायाधीशावर एक जबाबदारी टाकतो. यापुढे एखादा न्यायाधीश निःपक्ष आहे का, असा प्रश्न पडला, तर त्याचा जन्म, जात, धर्म आणि पूर्वीचे अशील विचारून थांबू नये. त्याने लिहिलेली कारणं वाचावीत. आणि जो प्रश्न परक्याला विचारतो, तोच आपल्या माणसालाही विचारावा. तो विचारायची आपली तयारी नसेल, तर पक्षपात न्यायासनावर नसून आपल्यातच आहे.